गेटवे, ससून डॉक, भाऊचा धक्का: पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कचेरीत माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे नात्यागोत्यातलं कोणीही मुंबईला निघालं की फोन मला येतो: "गेटवे तुझ्याच बाजूला ना?" प्रश्न ठरलेले, माझी उत्तरंही ठरलेली. म्हणून एकदाची लिहून काढली आहेत. आता फोन आला की हेच पाठवणार.

मरीन ड्राइव्ह सोडून इकडे का यायचं? समुद्र तर तोच.

तोच नाही. मरीन ड्राइव्हला अरबी समुद्र समोर मोकळा पसरलेला असतो आणि कठड्यावर बसून तो बघत राहायचं, एवढंच काम असतं. पूर्वेकडचा समुद्र म्हणजे बंदर. इथलं पाणी कामाला जुंपलेलं आहे. मासळीच्या होड्या, लाँच, मालवाहू जहाजं, नौदलाच्या युद्धनौका, सगळ्यांची ये-जा चालू असते. इथे काय बघावं यापेक्षा ते किती वाजता बघावं, हे मी आधी विचारीन. ससून डॉकला सकाळी दहाला गेलात तर फक्त ओली फरशी बघायला मिळेल.

हा भाग नेमका कुठून कुठपर्यंत?

या पानापुरता दक्षिणेला कुलाबा, उत्तरेला भाऊचा धक्का. मध्ये ससून डॉक, अपोलो बंदर, गेटवे, मग नौदलाची गोदी, बॅलार्ड इस्टेट आणि पोर्टच्या लांबच लांब भिंती. सगळा किनारा पायी फिरता येत नाही, कारण मधला मोठा तुकडा नौदलाच्या आणि बंदराच्या ताब्यात आहे. समुद्र दिसतो तो तुकड्यातुकड्यानं.

एकच दिवस आहे. सुरुवात कुठून करू?

ससून डॉकपासून, पहाटे पाचला. हे ऐकलं की पाहुणे एकमेकांकडे बघतात. पण एकदा गेलेला माणूस घरी जाऊन गेटवेबद्दल कमी आणि ससून डॉकबद्दल जास्त बोलतो, हे मी पाहिलं आहे.

अल्बर्ट ससून यांनी ही गोदी १८७५ मध्ये बांधली. पश्चिम भारतातली ही पहिली बंदिस्त गोदी, आणि तिची सोय कापसाच्या व्यापारासाठी होती. आज तिथे मासळी उतरते. उजाडायच्या आत होड्या लागतात, पाट्या भरभरून वर येतात आणि धक्क्यावरच लिलाव सुरू होतो. कोळणींचे आवाज, बर्फ फोडण्याचा आवाज, "बाजू, बाजू" करत अंगावर येणारी हातगाडी. बाजूच्या शेडमध्ये ओळीनं बसून बाया कोलंबी सोलत असतात. त्यांचे हात इतके भराभर चालतात की आपल्याला सोललेली कोलंबी दिसते, सोलताना दिसत नाही. बोंबील, मांदेली, पापलेट, हलवा, सुरमई, करंदी, नशीब असेल तर एखादा भला मोठा घोळ.

तिथून चालत कुलाबा कॉजवेवर यायचं, चहा घ्यायचा आणि साडेसात-आठला गेटवेला पोचायचं. तेव्हा तिथे गर्दी नसते, ऊन समुद्राकडून येत असतं आणि कबुतरंच काय ती जास्त असतात. नऊच्या सुमारास घारापुरीच्या लाँच सुटू लागतात. दुपारी परत येऊन बॅलार्ड इस्टेटला जेवण. संध्याकाळ ज्याची त्यानं ठरवावी. बहुतेकांचे पाय तोवर बोलू लागलेले असतात.

ससून डॉकमध्ये कोणालाही आत सोडतात का?

हो, पण आत फोटो काढायला मनाई आहे. मोबाइल खिशात ठेवा. ती लोकांची कामाची जागा आहे, आपण मध्ये उभे राहिलो की कोणाची तरी पाटी अडते. चप्पल जुनी घाला, शक्यतो रबरी बूट. पांढरी पँट घालून आलेला माझा एक मेव्हणा अजून त्यावरून बोलणी खातो. वासाची तक्रार करणाऱ्यांनी मात्र येऊच नये.

२०१७ मध्ये याच गोदीत मोठं कलाप्रदर्शन भरलं होतं. जुन्या गोदामांच्या भिंतींवर चित्रं आली आणि एरवी इकडे न फिरकणारी मुंबई रांगा लावून आत शिरली.

मासळी विकत घेता येते का?

येते, पण लिलाव घाऊक असतो. पाव किलोवाल्यांनी बाहेर किरकोळ विकायला बसलेल्या कोळणींकडे वळावं. "मावशी, वाटा कसा दिला?" असं विचारायचं. किलोचा भाव विचारलात की तुम्ही नवखे, हे मावशीच्या लगेच लक्षात येतं. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या काळात गोदी जवळपास झोपलेली असते, तेव्हा पावसाळ्यात ताज्या सुरमईच्या आशेनं येऊ नका.

गेटवेला एवढं काय आहे? कमान बघून पाच मिनिटांत परत फिरतो माणूस.

कमान बघायला पाच मिनिटं खरंच पुरतात. पण थोडी गोष्ट माहीत असेल तर आणखी अर्धा तास सहज जातो.

पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी याच धक्क्यावर उतरले. त्यांच्या स्वागताची म्हणून ही कमान ओळखली जाते, पण ते उतरले तेव्हा ती नव्हतीच! त्यांना पुठ्ठ्याची प्रतिकृती दाखवली गेली. पायाचा दगड बसला ३१ मार्च १९१३ ला, जॉर्ज विटेटचा आराखडा मंजूर झाला १९१४ मध्ये, मग भराव घालून जमीन तयार करण्यातच काही वर्षं गेली. उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ रोजी. म्हणजे पाहुणे येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी दारावर तोरण लागलं. आपल्याकडच्या सरकारी कामांना नावं ठेवणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

खर्च २१ लाखांच्या आसपास झाला आणि पुढे पैसेच उरले नाहीत. कमानीसमोर जो सरळ, रुंद रस्ता व्हायचा होता तो कधी झालाच नाही. म्हणून आज आपण शहराकडून चालत येतो तेव्हा कमान तिरकी उभी दिसते. पुढच्या वेळी नीट बघा. जाळ्यांची नक्षी ग्वाल्हेरहून आली, बाकी पिवळसर बेसाल्ट इथलाच.

आणि ज्या साम्राज्याच्या डौलासाठी हे सगळं केलं, त्याची शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी याच कमानीखालून चालत जाऊन बोटीत बसली. कमान तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांची होती. समोर अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा आहे, तो २६ जानेवारी १९६१ ला उभा राहिला. पलीकडे स्वामी विवेकानंद आहेत. ते १८९३ मध्ये मुंबईहूनच बोटीनं परदेशी निघाले होते.

ताजमहाल हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं आणि म्हणून आर्किटेक्टनं जीव दिला, हे खरं का?

दोन्ही खोटं. प्रत्येक टॅक्सीवाला मात्र ते शपथेवर सांगतो. हॉटेल १९०३ मध्ये उघडलं. तेव्हा घोडागाड्या शहराच्या बाजूनं येत, म्हणून मुख्य दरवाजा तिकडे ठेवला होता. आज त्या बाजूला पोहण्याचा तलाव आहे आणि ये-जा समुद्राकडून होते, म्हणून इमारत पाठमोरी वाटते. आराखड्यावर काम करणारे सीताराम खंडेराव वैद्य हे मराठी नाव मात्र आपल्यालाच फारसं ठाऊक नसतं. काम पुरं होण्याआधीच ते वारले, उरलेलं चेंबर्स नावाच्या इंग्रज अभियंत्यानं पूर्ण केलं. अर्धवट माहितीवर गोष्ट रचणाऱ्यांना तेवढं निमित्त पुरलं.

आजी "पालवा बंदर" म्हणायची. ते कोणतं?

हेच, अपोलो बंदर. पालवा हेच जुनं नाव. कोणी त्याचा संबंध पालव नावाच्या होडीशी लावतात, कोणी पल्ला माशाशी. इंग्रजांच्या जिभेवर त्याचं अपोलो झालं. ग्रीक देवाचा इथे काहीएक संबंध नाही. कुलाबा हेही मूळचं कोळ्यांचंच नाव. पूर्वी कुलाबा आणि धाकटा कुलाबा ही दोन वेगळी बेटं होती. १८३८ मध्ये कॉजवे, म्हणजे बेटं जोडणारा बांधीव रस्ता, झाला तेव्हा कुलाबा पायी जाण्याजोगं झालं. त्याआधी होडी, नाहीतर ओहोटीची वाट.

घारापुरीला जावं का? अर्धा दिवस मोडतो.

जावंच. फक्त सोमवारी नाही.

हे मी स्वतःच्या अनुभवानं सांगतो. आत्या पंचाहत्तरीला आल्या होत्या. त्यांना घेऊन, डबा बांधून, टोपी घालून मी सोमवारी सकाळी गेटवेला हजर झालो. लेणी सोमवारी बंद असतात, हे मुंबईत जन्म काढलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं. आत्यांनी डबा तिथेच कट्ट्यावर उघडला आणि म्हणाल्या, "बरं झालं, मला बोटीत मळमळतंच." मंगळवारी मात्र हट्टानं आल्या.

लाँचला साधारण तास लागतो. वाटेत डावीकडे नौदलाची जहाजं दिसतात, समोर मिडल ग्राउंडचा तटबंदीचा खडक. वरच्या मजल्यावर बसायचे थोडे जास्त पैसे घेतात, ते द्यावेत. जेट्टीवरून छोटी आगगाडी पायऱ्यांपर्यंत नेते. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. माकडांपासून हातातली पिशवी जपा. भुट्टा तर दाखवूच नका.

मुख्य लेणं सहाव्या शतकाच्या सुमाराचं मानतात. आत शिरल्यावर लगेच समोर धावू नका. डोळे अंधाराला सरावू द्या. दक्षिणेच्या भिंतीवर सदाशिव आहे, आपण ज्याला त्रिमूर्ती म्हणतो तो. साडेपाच मीटरच्या आसपास उंच, तीन मुखं. मधलं शांत, एक उग्र, एक कोवळं. गाईड ब्रह्मा-विष्णू-महेश सांगतो. तज्ज्ञ सांगतात की ही तिन्ही रूपं शिवाचीच. त्याच्या एका बाजूला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला गंगाधर. मला स्वतःला सर्वात आवडतं ते कल्याणसुंदराचं शिल्प, शंकर-पार्वतीच्या लग्नाचं. भंगलेलं आहे, तरी नवरीचा संकोच दगडात जसाच्या तसा आहे. आत्या त्याच्यापुढे बराच वेळ उभ्या होत्या.

१९८७ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. एलिफंटा हे नाव पोर्तुगीजांनी दिलं, किनाऱ्याजवळच्या दगडी हत्तीवरून. तो हत्ती आता बेटावर नाही. १८६४ मध्ये तो उचलून न्यायच्या खटपटीत तुटला. तुकडे पुन्हा जोडून आता भायखळ्याला, राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे.

बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं आहेत. मुंबई डोळ्यांसमोर लखलखत असताना तिथे कायमची वीज आली ती २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकल्यावर. लेण्यातून बाहेर पडून गावाकडे दहा मिनिटं तरी चाला.

गेटवेहून जाणारी शेवटची लाँच दुपारी दोनच्या सुमारास असते, परतीची शेवटची संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही.

वयस्कर माणसांना झेपेल का?

पायऱ्यांपाशी डोलीवाले असतात. भाव आधी ठरवा. खरी अडचण लाँचमध्ये चढता-उतरताना येते, कारण ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि बोट हलत असते. खलाशी हात देतात. तो हात घ्या, लाजू नका.

बोटी सुरक्षित आहेत का?

१८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं दगावली, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. म्हणून लाइफ जॅकेट चढवा आणि पट्टा बांधा, नुसतं मांडीवर घेऊन बसू नका. बोट खचाखच भरलेली दिसली तर पुढची पकडा. त्यासाठी वीस मिनिटं थांबावं लागलं तरी बिघडत नाही.

अलिबागला जायचंय. गेटवे की भाऊचा धक्का?

गाडी बरोबर असेल तर भाऊचा धक्का. १५ मार्च २०२० पासून तिथून मांडव्याला रो-रो जाते, गाडीसकट. गाडी नसेल तर गेटवेहून कॅटमरान किंवा लाँच. पीएनपी, मालदार या बोटकंपन्यांच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागची बस धरलेली असते. पावसाळ्यात गेटवे-मांडवा बंद असतं, रो-रो हवामान पाहून चालू राहते. शनिवारी सकाळी आयत्या वेळी तिकीट मिळेल या भरवशावर येऊ नका.

भाऊचा धक्का म्हणजे कोणत्या भाऊंचा?

लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य यांचा, लोक त्यांना भाऊ म्हणत. एकोणिसाव्या शतकात त्यांनी इथे धक्का बांधला. कोकणातल्या जुन्या माणसांसमोर हे नाव काढा आणि गप्प बसा, पुढचा तासभर तेच बोलतील. कोकणची बोट इथूनच सुटायची. ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या पेट्या, बोट लागून आडवी झालेली माणसं, सगळं याच धक्क्यावर.

आणि रामदास. १७ जुलै १९४७, अवसेच्या तोंडावर घरी निघालेल्या लोकांनी भरलेली रामदास बोट इथूनच रेवसकडे निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. रायगड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत ती तारीख अजून सांगितली जाते.

आज इथून मोऱ्याला, म्हणजे उरणला, लाँच जाते. पाहुण्यांना मी ही फेरी मुद्दाम करायला लावतो. खर्च थोडा, गर्दी रोजच्या माणसांची. डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरून टॅक्सी करा.

बॅलार्ड इस्टेटमध्ये बघण्यासारखं काय आहे?

माझा पक्षपात समजून घ्या. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणताना निघालेल्या मातीचा भराव घालून ही बावीस एकर जमीन केली आणि १९०८ ते १९१४ च्या दरम्यान इमारती उठल्या. आखणी पुन्हा त्याच विटेटची. रुंद रस्ते, एकसारख्या उंचीच्या दगडी इमारती, झाडं. रविवारी इथे इतकी शांतता असते की आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. इथल्याच बॅलार्ड पिअर मोल स्टेशनातून विलायतेच्या बोटीवरून उतरलेले साहेब थेट फ्रंटियर मेलमध्ये बसत.

बंदराची सर्वात काळी आठवणही या भिंतींमागची. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला. जहाजात दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटा एकत्र होत्या. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळतात तो यासाठी.

नौदलाची गोदी आतून बघता येते का?

नाही, आणि भिंतीवरून फोटो काढायच्या फंदातही पडू नका. मात्र बाहेरून जाताना मुलांना एवढं सांगा की इथे वाडिया घराण्यानं सागवानी जहाजं बांधली. त्यांतलं १८१७ चं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. फेब्रुवारी १९४६ चं नाविकांचं बंडही कुलाब्याच्या 'तलवार' या ठाण्यावरून पेटलं.

खायला कुठे?

कॉजवेवर लिओपोल्ड आहे, १८७१ पासूनचं. एकदा बघून यावं. माँडेगारमध्ये गोव्याच्या मारिओ मिरांडांनी रंगवलेल्या भिंती आहेत, तिथे जेवण थंड होईपर्यंत माणूस चित्रंच बघत बसतो. शाकाहारी मंडळींना कैलास परबत, रात्री कबाब हवे असतील तर ताजच्या मागे बडेमियाँ. माझं मत विचाराल तर बॅलार्ड इस्टेटमधलं १९२३ पासूनचं ब्रिटानिया, बेरी पुलावासाठी. ते दुपारचंच उघडं असतं, रात्रीच्या भरवशावर जाऊ नका. पैसे वाचवायचे असतील तर कचेऱ्यांच्या गल्लीतला वडापाव कोणालाच नाही म्हणत नाही.

यायचं कसं?

सीएसएमटी किंवा चर्चगेट, तिथून गेटवेला चालत अर्धा तास. बेस्टच्या बसही आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते, त्यामुळे उपनगरवाल्यांनी हुतात्मा चौकला उतरावं आणि काळा घोडा बघत बघत यावं. रिक्षा शोधू नका, या भागात रिक्षा नाहीत. गाडी आणायचा विचार करत असाल तर पार्किंग शोधण्यात गेलेला तास दिवसाच्या हिशोबात आधीच धरा.

गेटवेवरचे फोटोवाले मागे लागतात. काय करू?

एक फोटो काढून घ्या. मोबाइलमध्ये हजार फोटो असतात आणि कोणी बघत नाही. तो छापून हातात दिलेला फोटो मात्र घरी कपाटाच्या काचेत लागतो. भाव आधी, प्रती किती तेही आधी. "सगळेच छान आलेत" म्हणून दहा गळ्यात मारायचा प्रयत्न होईल, तेव्हा हसून एकच घ्यायचा.

फ्लेमिंगो इथेच दिसतात ना?

इथे नाही, हार्बर लाइननं शिवडीला जा. नोव्हेंबरनंतर ते मेपर्यंत, तेही ओहोटीला, चिखल उघडा पडला की. निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. नाहीतर नुसतं पाणी दिसेल आणि मागे अटल सेतू.